मनाच्या दुखण्यावर पीएच.डी.
(सुपा येथील महिला मेळाव्यातील भाषण)

ताई-मावश्यांनो, बाई गप्प झाली, रात्र-रात्र झोपेना, की आपण म्हणतो, "बाहेरचं झालंय." भार्गवी दावर यांच्या आईला तर मनोरुग्णालयात ठेवलं होतं. लेकीनं मुंबईच्या आयआयटीतून पीएच.डी. केली, बायकांच्या मनाच्या दुखण्याचा अभ्यास केला. १९९९ साली आपल्या शेजारच्या पुण्यात बापू ट्रस्ट काढून वस्त्यांत काम उभं केलं.

आपल्या पोरींनाही वाट आहे. बारावी, पदवी, एमएसडब्ल्यू, मग पीएच.डी. वर्षं लागतात. "लग्नाचं वय चाललं" म्हणून मधेच थांबवू नका. फीसाठी आईनं गटाकडं कर्ज मागितलं, तर तिच्या पाठीशी उभ्या राहा.

आणि आजच कुणाचं मन थाऱ्यावर नसेल, तर १४४१६ ला फोन लावा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.