जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

(शिक्षक, पंचायतींचे कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे नियमित मोफत साहाय्य बंद केले. शाळांतील व कार्यालयांतील कित्येक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट असूनही त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिण्याची वेळ त्यामुळे आली आहे. अशा यंत्रांना आणखी काही वर्षे उपयोगात ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. आज ती विनामूल्य मिळते, तिच्यात मराठी टंकलेखनाची सोय आहे, आणि केरळच्या शाळांतून ती अनेक वर्षे वापरली जात आहे.

ही प्रणाली संगणकात कायमची बसविण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्यास 'लाइव्ह यूएसबी' म्हणतात. आपण होऊन 'इन्स्टॉल' निवडले नाही, तर मूळ डिस्कवरील दाखले, हजेरी व हिशेब जसेच्या तसे राहतात. परंतु पुष्कळदा पेनड्राइव्ह लावला तरी काहीच घडत नाही, आणि "यंत्रच गेले" असा निष्कर्ष काढला जातो. पंपाने पाणी ओढले नाही म्हणून शेतकरी पंप विकावयास काढीत नाही. तो आधी फ्यूज पाहतो, मग फूटव्हॉल्व्ह पाहतो. तोच न्याय येथे लावावयाचा आहे. गाडी कोठे अडली हे पाहिले, म्हणजे दोष कोठे आहे हे बहुधा कळते.

पहिली अवस्था : पेनड्राइव्ह लावूनही नेहमीचे विंडोजच सुरू होते. याचा अर्थ संगणकाने पेनड्राइव्हकडे पाहिलेच नाही. यंत्र चालू करताच योग्य कळ वारंवार दाबावी, म्हणजे कोठून सुरू व्हावयाचे त्याची यादी येते. डेल व लेनोवोच्या बहुतेक यंत्रांत ही कळ एफ १२ असते, तर एचपीच्या यंत्रांत एफ ९. विंडोज 'शट डाउन' केल्यावर पुष्कळदा पूर्णपणे बंद झालेले नसते, म्हणून 'रीस्टार्ट' करून कळ दाबावी.

दुसरी अवस्था : यादी येते, पण तीत पेनड्राइव्हचे नाव नाही. प्रथम तो दुसऱ्या खाचेत लावावा. मोठ्या संगणकात मागील बाजूची खाच बरी. मध्ये हब ठेवू नये. त्यानंतर तो कसा तयार केला हे विचारावे. उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती नकलून चालत नाही. ती रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने 'लिहावी' लागते. रूफसमध्ये जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रासाठी एमबीआर व नव्या यूईएफआय पद्धतीसाठी जीपीटी हा पर्याय निवडावा. लिहिताना पेनड्राइव्हवरील सर्व मजकूर पुसला जातो, तेव्हा रिकामाच घ्यावा. लिहून झाल्यावर विंडोज कधी कधी "फॉर्मॅट करा" असे सुचविते. त्यास नकार द्यावा.

तिसरी अवस्था : सुरक्षेचा इशारा देऊन यंत्र थांबते. हे बहुधा 'सिक्युअर बूट' या पहाऱ्याचे काम होय. उबुंटू, फेडोरा व डेबियन यांना हा पहारा सामान्यतः ओळखतो. इतर काही आवृत्त्यांसाठी तो सेटिंगमध्ये तात्पुरता बंद करावा लागतो. मात्र त्यापूर्वी मूळ डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आहे काय हे अवश्य पाहावे, आणि असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी. ती नसताना बदल केला, तर विंडोज पुढच्या वेळी किल्ली मागेल आणि शाळेची कागदपत्रे आतच अडकून पडतील.

चौथी अवस्था : लिनक्सची यादी दिसते, पण पुढे पडदा काळा होतो. येथे पेनड्राइव्ह निर्दोष असून चित्रदर्शक भागाशी जुळणी झालेली नसते. उबुंटूच्या यादीतील 'सेफ ग्राफिक्स' हा पर्याय निवडून पाहावा.

पाचवी अवस्था : अक्षरांच्या ओळी येतात आणि वाचनदोष दाखवून काम थांबते. फाइल अपुरी उतरली असेल, किंवा पेनड्राइव्ह खराब असेल. आयएसओ देणाऱ्या स्थळावर एसएचए-२५६ नावाची ६४ चिन्हांची ओळख दिलेली असते. आपल्या फाइलची ओळख काढून ती ताडून पाहावी. एक चिन्ह जरी वेगळे आले, तरी फाइल पुन्हा उतरवावी. ओळख जुळली, तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिहून पाहावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. फार जुन्या यंत्रांतील प्रोसेसर ३२ बिटांचा असतो, त्यावर ६४ बिटांची प्रणाली चालत नाही. उबुंटूने २०१७ साली ३२ बिटांची डेस्कटॉप आवृत्ती देणे थांबविले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही अशा यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय राहिलेली नाही. अशा ठिकाणी दोष ना पेनड्राइव्हचा, ना आपला.

मित्रहो, माझी विनंती एवढीच आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी या पाच अवस्थांपैकी यंत्र कोठे अडले आणि कोणता उपाय करून पाहिला, याची दोन ओळींची नोंद नोंदवहीत व्हावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या उपायाने गुण आला हे कळेल आणि शेजारच्या शाळेलाही ते सांगता येईल. यंत्र खरोखर निकामी असेल, तर ती नोंदच प्रस्तावास आधार देईल. नसेल, तर एका वर्गातील मुलांच्या हाती एक संगणक राहील.