कॉरिडॉर कुठल्या रकान्यात लिहायचा?

बरेच जण विचारतात, शहर ‘फॉलो’ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी कोड लिहिणारा माणूस. मी आधी जुनं व्हर्जन उघडतो.

वरळीच्या बीडीडी चाळी घ्या. 1920च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या, एकूण 121. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. आता म्हाडा तिथे 40 मजली टॉवर उभे करतंय. प्रत्येक कुटुंबाला 500 चौरस फुटांचं घर, तेही मालकीचं. पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025मध्ये दिल्या गेल्या. याला नाकं मुरडणं सोपं आहे, विशेषतः आपल्या घरात अटॅच्ड बाथरूम असेल तर!

पण दोन्ही प्लॅन शेजारी ठेवून बघा. चाळीत मधोमध लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं. पोरांचा अभ्यास तिथे, खेळ तिथे, उन्हाळ्यात झोपणंही तिथेच. टॉवरमध्ये त्या जागी लिफ्टची लॉबी. 160चे 500 झाले हे कागदावर दिसतं. कॉरिडॉर मात्र कुणाच्याच नावावर नव्हता, मग त्याची भरपाई कोण मागणार?

तुमच्या गल्लीत पत्रे ठोकले गेलेत? गुगल अर्थवर जुनी चित्रं बघा. विक्रीचा प्रकल्प असेल तर महारेराच्या साइटवर शोधा, मंजूर नकाशे आणि पूर्ण करायची तारीख तिथे सापडते. आणि जिने, ओटे, कट्टे यांचे फोटो आजच काढा. चला, पुढच्या भागात गिरणगाव!