निनावी उपहासाला कायद्याचे कवच हवे



सत्ताधाऱ्यांची थट्टा करणारा आपले नाव का लपवितो, असे नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर बिदरनेच दिले आहे. जानेवारी २०२० मध्ये येथील शाहीन शाळेत मुलांनी नागरिकत्व कायद्यावर एक नाटुकले केले. त्याचे चित्रण समाजमाध्यमावर गेले, तक्रार झाली आणि राजद्रोहाच्या कलमाखाली मुख्याध्यापिका व एका विद्यार्थिनीची आई तुरुंगात गेल्या. जामिनाला सुमारे पंधरवडा लागला. शब्द अनादराचे असले तरी तो राजद्रोह नव्हे, असे सांगून उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी पीठाने शाळेच्या व्यवस्थापकांवरील गुन्हा रद्द केला, परंतु केव्हा? जून २०२३ मध्ये!

निर्दोषत्व उशिरा का होईना, परत मिळते. निनावीपण मात्र एकदा गेले की कोणतेही न्यायालय ते परत देऊ शकत नाही. म्हणून येथे न्याय आधीच व्हावयास हवा.

‘केसरी’ने १५ जून १८९७ रोजी भवानी तलवारीच्या खुणेने एक निनावी काव्य छापले. त्या खटल्यात १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा टिळकांना झाली. निनावी लेखकापुढे तेव्हा संपादक ढालीसारखा उभा असे. आज त्या जागी कंपनी आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अधिकृत सरकारी यंत्रणेचा लेखी आदेश येताच तिने ७२ तासांत माहिती द्यावयाची असते. त्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागतोच असे नाही. ज्याची थट्टा झाली, त्याच्याच हाती बुरखा फाडण्याचा अधिकार, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, निनावीपणाआड शेजाऱ्याची बेअब्रू होईल, दंगलीची चिथावणी दिली जाईल. ही भीती खोटी नाही. अशा लेखकाला अभय द्यावे, असे मी म्हणत नाही. नाव उघड करावयाचे तर न्यायाधीशाच्या हुकुमाने, गुन्हा सकृद्दर्शनी दिसल्यावर आणि शक्य तेथे लेखकाच्या वकिलाचे ऐकून, एवढीच मागणी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कलम ६६-अ रद्द केले आणि २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पाया घातलेला आहे. त्यावर भिंत उभारणे संसदेचे काम आहे. आपल्या खासदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, हे स्पष्ट विचारणे हे आपले कर्तव्य होय.