तान्हे बाळ आणि घराची शिस्त
(छत्तीसगडमधील अहिवारा येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



तान्ह्या बाळाची दिनचर्या कशी लावावी, हा आजचा विषय. खरे सांगायचे तर पहिला महिनाभर बाळ कुणाच्या वेळापत्रकाला जुमानत नाही. शिस्त लावून घ्यायची ती घरातल्या मोठ्यांनी.

अशा साध्या शिस्तीने काय साधते, ते आपल्या शेजारच्या गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून तिथल्या ३९ खेड्यांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजारी २५.५ पर्यंत उतरला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांचा हिशेब धरता ही घट ६२ टक्के होती. पुढे देशभर घरभेटींची योजना आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आपल्याकडे मितानिन, म्हणजे गावची आरोग्यसेविका, येते, ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पण मधल्या दिवसांचे काय? ते आपल्याकडे.

सकाळी बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवा. नाळ कोरडी ठेवा. तिला तेल, हळद, राख काही लावू नका. नाळ पडेपर्यंत ओल्या मऊ कापडाने अंग पुसले की पुरे. मालिश हलक्या हाताने करा, पण नाकाकानांत तेल नको आणि डोळ्यांत काजळ नको. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा!

दूध मात्र घड्याळ बघून पाजू नका. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा, अंगावरचेच पाजा. पहिला चीक टाकू नका. मध, गुटी, साखरपाणी नको. इथल्या मे महिन्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी लागत नाही. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा वेळा तरी शू करत असेल, तर दूध पुरते आहे असे समजा. उन्हाळ्यात दुपट्यांवर दुपटी गुंडाळू नका, बंद खोलीत शेगडीही नको. थंडीत टोपडे-मोजे घाला, बाळाला आईच्या कुशीत ठेवा. निजवताना पाठीवर निजवा.

संध्याकाळी एक काम न चुकता करा. बाळ शांत असताना झबले वर करून पोटाकडे बघा. पोट वर आले, खाली गेले, की एक श्वास. असे घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तितकेच आले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. बाळ दूध ओढेनासे झाले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, अंग तापले किंवा गार पडले, झटके आले, तरीही तेच.

आजीबाईंना माझी खास विनंती आहे. घरात शब्द तुमचा चालतो; सून लहान, तिला तुमच्यासमोर नाही म्हणता येत नाही. गुटीची वाटी तुम्हीच बाजूला ठेवा आणि श्वास मोजायला तुम्हीच बसा. पाचवी, छट्ठी, बारसे हौसेने करा, पण बाळ दहा हातांत फिरवू नका. आणि महतारी एक्सप्रेस या रुग्णवाहिकेचा १०२ हा क्रमांक आज घरी गेल्यावर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.