रंग चढण्याआधीचं काम



फेब्रुवारी संपत आला. ऊर्जानगरात आता घरोघरी कूलर खाली उतरतील, टाक्या घासल्या जातील, ताट्या बदलल्या जातील. मे महिन्यात आपल्या चंद्रपूरचा पारा कधीकधी ४७ अंशांच्याही पुढे जातो, तेव्हा कूलर म्हणजे काही चैन नाही. आणि कूलर आला की खिडकीबाहेर लोखंडी स्टँड आला. त्या स्टँडवर वरून उन्हाचा मारा, आतून चोवीस तास पाण्याची टपटप, पुढे चार महिने पाऊस, आणि बारा महिने कोळशाची आणि राखेची धूळ. आज आम्ही त्या स्टँडच्या रंगाबद्दल बोलणार आहोत. रंगाबद्दल काय बोलायचं, असं आम्हालाही वाटत होतं. पण या रंगाने आमच्या समूहाला चांगलाच धडा दिला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या समूहाने बचतीच्या पैशातून कूलरचे २० स्टँड करून घेतले. वेल्डिंग ओळखीच्या माणसाने केलं. साधा ऑइलपेंट मारला तर दरवर्षी रंगवावं लागतं, म्हणून आम्ही ठरवलं, पावडर कोटिंगच करून घ्यायचं. एका दुकानदाराने भाव कमी सांगितला, तिसऱ्या दिवशी माल दिला. काय सुंदर दिसत होते ते स्टँड! गुळगुळीत, चमकदार, हात फिरवत राहावासा वाटेल असे. 'पावडर कोटिंग आहे, पाच वर्षं बघायला नको', असं सांगून आम्ही ते मार्चमध्ये विकले. आमच्या तोंडाने सांगून विकले, हे महत्त्वाचं.

पोळ्याच्या सुमारास पहिली तक्रार आली. दिवाळीपर्यंत ७ स्टँड परत आले. रंगाचे पापुद्रे असे निघत होते की एक टोक नखाने उचललं तर बोटभर पट्टी सोलून हातात यायची, आणि खाली लालभडक गंज. एक काकू म्हणाल्या, "काहून वो ताई, हेच का तुमचे पाच वर्षं?" त्यांना द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. सात जणींचे पैसे आम्ही परत केले. त्या वर्षी वाटायला नफा उरला नाही. ज्या दुकानात काम करून घेतलं होतं, तिथे गेलो तर उत्तर मिळालं, "पाणी लागलं तर आम्ही काय करणार?" आता कूलरच्या स्टँडला पाणी लागणार नाही तर काय लागणार!

मग आम्ही चौघी जणी औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात गेलो आणि सरळ म्हणालो, आम्हाला काम द्यायचं नाही, फक्त बघायचं आहे. तिथले सुपरवायझर भले गृहस्थ निघाले. आमचा परत आलेला एक स्टँड त्यांनी हातात घेतला, सोललेल्या जागेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "रंगाले कायले दोष देता ताई? हा धुतलाच नाही."

तिथे आम्हाला कळलं की पावडर कोटिंगमध्ये जास्त मेहनत पावडर लावण्याआधीची असते. ओळीने सात टाक्या होत्या. या धंद्यात तिला 'सेव्हन टँक' पद्धतच म्हणतात. बाजारातून आलेल्या लोखंडावर तेल असतं, आपल्याला दिसत नाही. आधी सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यात ते तेल काढतात. मग साध्या पाण्यात धुतात. मग आम्लाच्या टाकीत गंज काढतात, पुन्हा पाण्यात. त्यानंतर फॉस्फेटची टाकी. तिच्यातून लोखंड बाहेर आलं की त्याची चमक गेलेली असते, अंगावर राखाडी, किंचित खरखरीत थर असतो. आम्हाला वाटलं, बिघडलं वाटतं. तर ते म्हणाले, हाच थर पावडरला धरून ठेवतो आणि गंजालाही अडवतो. पुन्हा धुणं, शेवटचा एक हात, आणि मग पूर्ण वाळवणं. भिंतीला चुना देण्याआधी आपण जुने पोपडे खरवडतो, भिंत धुऊन घेतो, तसंच हे. गंजावर रंग मारला की रंग गंजाला चिकटतो, लोखंडाला नाही. गंज सुटला की रंगही सुटला.

मधलं धुणंही नीट व्हावं लागतं. आम्लाचा किंवा क्षाराचा अंश राहिला तर तो रंगाखालून पाणी ओढतो आणि पावसाळ्यात फोड येतात. आणि आम्लातून काढलेलं लोखंड ओलं तसंच ठेवलं तर पावसाळी हवेत काही तासांतच त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. म्हणजे आज धुतलं आणि उद्या रंगवलं, हे चालत नाही.

पावडर लावणं मात्र बघण्यासारखं होतं. रंगात थिनर नाही, पाणी नाही, नुसती मैद्यासारखी कोरडी भुकटी. ती बंदुकीसारख्या गनमधून उडवतात. गनच्या टोकाशी ६० हजार ते १ लाख व्होल्टचा दाब असतो, पण करंट अगदी नावापुरता. त्यामुळे पावडरच्या कणांवर विजेचा भार चढतो. वस्तू लोखंडी हुकाला टांगून अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून कण तिच्याकडे ओढले जातात. केस विंचरलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तोच प्रकार. उडून खाली पडलेली पावडर गोळा करून, चाळून पुन्हा वापरता येते. ऑइलपेंटच्या फवाऱ्यातलं थिनर हवेत जातं, नाकात जातं, ते इथे नाही. धातू पावडरने मढवण्याची कल्पना १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी पुढे आणली. ते तापवलेली वस्तू हवेने उसळत्या पावडरमध्ये बुडवत असत. विजेच्या भाराची गन त्यानंतर आली. आज आपल्या घरातल्या फ्रिजपासून रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीपर्यंत कितीतरी वस्तूंना हाच रंग असतो.

पण विजेची एक खोड आहे. ती कडांवर आणि उंचवट्यांवर धावते, आतल्या कोपऱ्यात शिरत नाही. त्यामुळे दोन अँगल जिथे मिळतात त्या खाचेत पावडर कमी बसते. हुकावर जुन्या रंगाची पुटं चढली असतील, तवा घासला नाही की चढतात तशी, तर अर्थिंगही नीट मिळत नाही. आमच्या सातही स्टँडचा गंज कुठून सुरू झाला होता? बरोबर त्या आतल्या कोपऱ्यांतून. तिथे वेल्डिंगचा मळही तसाच होता, कोणी ठोकून काढला नव्हता. तो दोष वेल्डिंगवाल्याचा, आणि न बघता माल उचलणाऱ्या आमचाही.

त्यानंतर भट्टी. साधारण १८० ते २०० अंश, १० ते २० मिनिटं. पावडर आधी वितळते, पसरते आणि मग तिचे कण एकमेकांत असे गुंततात की पुन्हा तापवलं तरी ती वितळत नाही. मेण पुन्हा वितळतं, पण भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसं. इथे एक चलाखी होते. ती मिनिटं मोजायची ती धातू तेवढा तापल्यापासून, भट्टी तापल्यापासून नाही. पत्रा लवकर तापतो, जाड अँगलला वेळ लागतो. डिझेल आणि वीज वाचवायला माल लवकर काढला की जाड भाकरीसारखी गत होते, वरून भाजलेली, आतून कच्ची. आणि हे डोळ्यांना दिसत नाही! कच्चा रंगही चमकतो. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून मागच्या बाजूला जोरात घासून बघा. बोळ्याला भरपूर रंग आला, जागा चिकट झाली, तर काम कच्चं आहे.

पावडरही एकच नसते. इपॉक्सी पावडर घट्ट चिकटते, रसायनाला दाद देत नाही, पण उन्हात काही महिन्यांत खडूसारखी पांढुरकी होते. बाहेर ठेवायच्या वस्तूला पॉलिएस्टर पावडर लागते. आमच्या स्टँडना कुठली होती, हे आम्ही विचारलंच नव्हतं. फक्त रंग कोणता ते सांगितलं होतं, 'कॉफी'. आणखी एक गंमत सांगतो. त्या कारखान्यात माणसं घामाघूम होती आणि पावडरची खोकी एसीच्या खोलीत. आम्ही हसलो. पण आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पावडर ठेवली तर तिच्या गुठळ्या होतात, मग रंगावर दाणे येतात. थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा हवा, म्हणजे आपल्या केसाएवढा. फार जाड झाला तर वरचा पोत नागपुरी संत्र्याच्या सालीसारखा होतो.

आता एक वेगळी गोष्ट, आणि खरं तर ही सांगण्यासाठीच आज आलो. आमच्या एका ताईचा मुलगा खाणीत रात्रपाळीला मोटारसायकलने जातो. गाडी जुनी घेतलेली, अलॉयची चाकं खरवडलेली. त्याने ती हौसेने काळी पावडर कोटिंग करून आणली. नवी गाडी आणल्यासारखी पोरं जमली. पुढे दर तीन-चार दिवसांनी पुढच्या चाकातली हवा कमी व्हायला लागली. पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवलं तर बुडबुडे टायरमधून नाही, रिममधून येत होते. रंग खरवडला तेव्हा आत चीर दिसली. कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर कधीतरी खड्ड्यात बसलेला मार असणार. रंगवणाऱ्याने ती बघितली नाही, की बघून झाकली, आम्हाला माहीत नाही. पोरगं महिनाभर त्या चाकावर रात्री ये-जा करत होतं. ते ऐकल्यावर ताई दोन दिवस जेवल्या नाहीत.

म्हणून घरातल्या मुलांना एवढं नक्की सांगा. चाक रंगवायला देण्याआधी आणि जुना रंग उतरवल्यानंतर, नवा चढण्याआधी, स्वतः जाऊन बघायचं. चीर असेल तर ते चाक रंगवायचं नाही, वेल्डिंग करून चालवायचं नाही, बदलायचं. अलॉय म्हणजे मुख्यतः अॅल्युमिनियम. त्याला लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी येते, आणि त्याची धुण्याची रसायनंही लोखंडाहून वेगळी असतात. लोखंडाच्या आम्लात ते बुडवलं तर खाल्लं जातं. शिवाय या धातूला कारखान्यात ठरावीक तापमानावर तापवून ताकद आणलेली असते. जुना रंग भट्टीत जाळून काढणं किंवा चाक जास्त तापमानावर, जास्त वेळ, पुन्हा पुन्हा तापवणं यामुळे ती ताकद कमी होते. कमी तापमानाला पिकणारी पावडर मिळते, ती मागावी. टायर, वॉल, बेअरिंग सगळं आधी काढायचं. जिथे बोल्ट बसतात आणि ब्रेकची डिस्क टेकते, तिथे टेप लावून रंग टाळायचा, कारण रंगाचा थर दबला की बोल्ट सैल होतो.

सगळीकडे पावडर कोटिंगच करा, असंही आमचं म्हणणं नाही. भिंतीत पक्क्या बसवलेल्या ग्रिलला, फाटकाला रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंटच बरा. ते भट्टीत नेता येत नाही, आणि घरच्या घरी पुन्हा हात मारता येतो. पावडरचा रंग खरचटला तर तसा सांधता येत नाही. वेल्डिंग, भोकं पाडणं, सगळं कोटिंगच्या आधी. नंतर वेल्डिंग केलं की तिथला रंग जळलाच.

आमच्यातल्या एकीने त्या कारखान्यात कामाबद्दल विचारलं. बायकांना टाक्यांवर घेतो म्हणाले, माल बुडवायला आणि काढायला. आम्ही बघितलं, तिथे रबरी हातमोजे, बूट, चष्मा होता. सगळीकडे असतोच असं नाही. आम्लाच्या वाफेने खोकला येतो, शिंतोड्याने कातडी जाते. पावडरच्या बाजूला मास्क हवा, आणि ती हवेत दाट उडत असताना ठिणगी पडली तर भडका उडतो, म्हणून तिथे विडी-काडी नाही. टाक्यांचं पाणीही प्रक्रिया न करता नाल्यात सोडायचं नसतं. तो नाला शेवटी इरईलाच मिळतो. तिने अजून हो म्हटलेलं नाही. रोजी बरी आहे. पण हातमोजे फाटले तर नवे किती दिवसांनी देता, हे विचारून ये, असं आम्ही तिला सांगितलंय.

यंदा आम्ही पुन्हा १२ स्टँड करतोय. वेल्डिंगवाल्याकडून मळ ठोकून घेतला, अँगलच्या खाचा आम्ही स्वतः तारेच्या ब्रशने घासल्या. पॉलिएस्टर पावडर सांगितली आहे, आणि त्याच अँगलचा वीतभर तुकडा सोबत रंगवायला दिला आहे. परवा तो आला. ब्लेडने त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या, चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली. एकही चौकोन निघाला नाही. आता तो तुकडा आमच्या एका ताईच्या मोरीत, बादलीशेजारी पडला आहे. बारा स्टँड अजून उचललेले नाहीत. तो तुकडा आम्ही पंधरा दिवस बघणार आहोत.