इंजेक्शन बंद केल्यानंतरचे महिने



रिसोड तालुक्यातल्या रिठद या गावात तुम्ही वैद्यकीय परिषद भरवलीत आणि तिचं अध्यक्षपद मला दिलंत. आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. मूल हवं आहे, आणि त्याच वेळी पुरुषाच्या शरीरात बाहेरून टेस्टोस्टेरॉन जात आहे, अशा जोडप्याचं आपण काय करतो, आणि काय करायला हवं.

हे जोडपं तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली. बाईच्या फायलीत सोनोग्राफीचे रिपोर्ट, थायरॉइड, गर्भनलिकांची तपासणी, पाळीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. नवस बोलून झालेले, ओटीच्या कार्यक्रमात तिला मागं बसवणं सुरू झालेलं. नवऱ्याची मात्र एकही तपासणी नाही, कारण तो अंगापिंडानं भरलेला आहे. भरतीच्या तयारीत असताना जिम लावली, तिथं कुणीतरी 'ताकदीचं इंजेक्शन' सुचवलं, आणि ते अजून चालू आहे. तो स्वतःहून हे सांगत नाही. त्याला त्या इंजेक्शनाचा आणि मूल न होण्याचा संबंधच ठाऊक नसतो. उलट पुरुषी हार्मोन घेतो म्हणजे आपली बाजू भक्कम आहे, असं तो धरून चालतो.

दुसरा पुरुष पस्तिशी ओलांडलेला असतो. थकवा, इच्छा कमी, वजन वाढलेलं. दुपारी कधीतरी रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन कमी आलं, आणि त्या एका रिपोर्टवर इंजेक्शन किंवा जेल सुरू झालं. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून तपासणी सकाळी आणि किमान दोनदा करायची असते. पण त्याहून मोठी चूक म्हणजे लिहून देणाऱ्यानं 'अजून मूल हवंय का?' हे विचारलंच नाही.

औषधविक्रेते आणि आशाताई इथं बसल्या आहेत, म्हणून यामागची यंत्रणा थोडक्यात सांगतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे दोन संदेश वृषणांकडे पाठवते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं, आणि त्याच्या जोडीनं एफएसएच शुक्राणूंची निर्मिती चालू ठेवतं. गच्चीवरची टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, तसं रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी संदेश थांबवते. आता नीट ऐका. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असावं लागतं, तरच शुक्राणू तयार होतात. इंजेक्शनानं रक्तातली पातळी वाढते, पण वृषणाच्या आतली कोसळते. रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि वीर्यात शुक्राणू शून्य, हे चित्र त्यातून तयार होतं. वृषणं आकारानं लहानही होतात.

हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिलं होतं. सहा महिन्यांत त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या वीर्यातले शुक्राणू पूर्ण नाहीसे झाले. जे औषध जगानं मूल होऊ नये म्हणून तपासून पाहिलं, ते आपल्याकडे मूल हवं असलेल्या माणसाच्या दंडात टोचलं जातं. अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या आणि मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की नजीकच्या काळात मूल हवं असणाऱ्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊ नये. यात मधला मार्ग नाही. 'डोस कमी करून बघू' हा सल्ला चुकीचा आहे.

मग इंजेक्शन बंद करायचं. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं, आणि बहुतेकजण इथंच थांबतात. माझं आजचं सांगणं याच्या पुढचं आहे. 'बंद करा' हा उपचार नव्हे, ती उपचाराची सुरुवात आहे.

बाहेरचं हार्मोन थांबलं आणि स्वतःचं अजून सुरू झालेलं नाही, अशा अवस्थेत तो माणूस काही आठवडे, कधी काही महिने राहतो. अंगात त्राण नसतं. झोप बिघडते. इच्छा जाते, ताठरता येत नाही, आणि नेमक्या याच काळात घरचे त्याच्याकडून मुलाची अपेक्षा करत असतात. कमावलेले स्नायू आरशात उतरताना दिसतात. काहींना खोल नैराश्य येतं, आत्महत्येचे विचार येतात. आपल्या विदर्भात हा शब्द किती जपून आणि किती गांभीर्यानं घ्यावा लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तो माणूस त्या दिवसांत पुन्हा त्याच दुकानात जातो, पुन्हा एक इंजेक्शन घेतो, आणि तीन महिन्यांची वाटचाल मागं फिरते. त्याला दोष देऊ नका. पुढं काय होणार हे त्याला आधी सांगितलं गेलं नव्हतं, हा दोष आपला आहे.

म्हणून पहिल्याच भेटीत त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून काळाचा हिशोब सांगा. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. 2006 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात गर्भनिरोधक चाचण्यांतल्या पुरुषांचं एकत्रित विश्लेषण आलं. औषध थांबवल्यावर शुक्राणूंची संख्या दर मिलीलिटरला 2 कोटींवर परत येण्याचा अंदाज 6 महिन्यांत सुमारे 67 टक्के, 12 महिन्यांत 90 टक्के आणि 24 महिन्यांत जवळजवळ सर्वांचा होता. हे आकडे धीर देणारे आहेत, पण ते मोजूनमापून औषध घेतलेल्या निरोगी माणसांचे आहेत. जिममध्ये तीन-चार स्टिरॉइडं एकत्र, वर्षानुवर्षं घेतलेल्या तरुणाला जास्त वेळ लागतो, आणि काहींचं पूर्ण भरून येत नाही. तेही सांगा. खोटी आशा दिली की माणूस सहाव्या महिन्यात बाबा-बुवांकडे जातो.

वाट बघण्याखेरीज हातात काही आहे का? आहे. एचसीजी हे इंजेक्शन एलएचचं काम करतं आणि वृषणाला आतून टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. त्यानं शुक्राणूंना मदत होते आणि तो मधला अशक्तपणाही हलका होतो. बायकांना देतो तीच क्लोमिफीन गोळी पुरुषात पिट्युटरीला जागं करू शकते. गरज पडली तर एफएसएच जोडतात. हे तज्ज्ञाच्या सल्ल्यानं, आणि आधी एलएच, एफएसएच तपासूनच. वृषणच मुळात निकामी असेल आणि एफएसएच आधीपासून खूप वाढलेलं असेल, तर या औषधांचा उपयोग नाही. या औषधांचेही त्रास आहेत. एचसीजीनं छातीत गाठ येऊन दुखू शकतं, क्लोमिफीननं नजर धूसर झाली तर गोळी लगेच थांबवायची. विरघळवलेलं एचसीजी फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि ज्या घरात फ्रिज नाही किंवा वीज जाते, तिथं ते दवाखान्यानं ठेवून द्यावं. एवढी सोय आपण करू शकतो.

टेस्टोस्टेरॉन चालू असताना झालेले त्रासही बघा. मुरमं आणि फुगलेली छाती दिसते, पण रक्त घट्ट झालेलं दिसत नाही. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर गेलं असेल तर गुठळी होण्याचा धोका गांभीर्यानं घ्यावा लागतो. ते दाखवणारा साधा सीबीसी आपल्या प्रत्येक लॅबमध्ये होतो. रक्तदाब मोजा, घोरण्याबद्दल बायकोला विचारा. आणि जेल लावणारा पुरुष असेल, तर त्याच्या खांद्याचा स्पर्श बायकोला आणि घरातल्या लहान मुलाला होतो आहे का हेही विचारा. त्वचेवरून हे औषध दुसऱ्याच्या अंगात जातं. गरोदर बाईच्या पोटात मुलगी असेल तर तिच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2009 मध्ये यासाठी सर्वांत कडक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला.

आता वीर्यतपासणी. जोडपं आलं की पहिल्याच आठवड्यात पुरुषाची ही तपासणी व्हायला हवी, बाईच्या नळ्या तपासण्याआधी. खर्च किरकोळ, इजा काहीच नाही. दोन ते सात दिवस वीर्यपात टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात लॅबमध्ये पोहोचायला हवा. खेड्यातून एसटीनं आणलेल्या डबीचा रिपोर्ट धरून कुणाला नापीक ठरवू नका. लॅबमध्ये दार बंद होणारी एक खोली द्या.

संकोच हा इथला खरा अडसर आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापून उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले. मराठीत हे प्रश्न उघडपणे विचारण्याचा हक्क कुणीतरी किंमत मोजून मिळवला आहे. तो आपण वापरला नाही, तर भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' जाहिराती ती जागा घेतात, आणि घेतलीच आहे.

औषधविक्रेत्या बंधूंना हात जोडून सांगतो, टेस्टोस्टेरॉनची ही औषधं शेड्यूल एचमधली आहेत. चिठ्ठीशिवाय देऊ नका. व्यायामशाळा चालवणाऱ्यांना आपण भेटलं पाहिजे, दटावायला नव्हे, मघाशी सांगितलेले आकडे घेऊन.

वाशिमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. या परिषदेच्या वतीनं माझी मागणी आहे की तिथं आठवड्यातून एक दिवस पुरुष वंध्यत्वाची बाह्यरुग्ण तपासणी सुरू व्हावी, वीर्यतपासणी मोफत व्हावी आणि एचसीजी तिथल्या औषधसाठ्यात असावं. ठराव मी लिहून आणला आहे. त्यावर आज, इथं रिठदला, प्रत्येकानं सही करावी, आणि उद्या तुमच्या ओपीडीत जे पहिलं निपुत्रिक जोडपं येईल, त्यातल्या नवऱ्याला आधी खुर्ची देऊन विचारावं, 'भाऊ, कुठलं इंजेक्शन घेता का?'