सेनिओच्या बांधावरचा नामदेव
(घोटी येथील सभेत केलेले भाषण)



मी काही शिकलेला वक्ता नाही. चौथी झाली आणि साच्यावर उभा राहिलो, तेव्हा चूकभूल पदरात घ्या. आज आपल्या शेजारच्या एका गड्याची हकीकत सांगतो. इथून भंडारदरा, राजूर, अकोले करत गेलं की संगमनेर लागतं. त्या तालुक्यातलं निमज हे त्याचं गाव. नाव नामदेव जाधव. सुभेदार नव्हे, नाईकही नव्हे. मराठा पलटणीतला साधा शिपाई, कंपनीचा निरोप्या. म्हणजे आपल्या खात्यात चिठ्ठ्या नेणारा पोऱ्या असतो ना, तसा.

दिवस 9 एप्रिल 1945. इटलीतली सेनिओ नदी. नदी म्हणायची ती केवढी? रुंदी 15 फूट. आपल्या दारणेपुढं ओढाच! पण दोन्ही तीरांना 30-35 फुटांचे उभे बांध, त्यांत सुरुंग पेरलेले, आणि बांध पोखरून जर्मनांनी मशीनगना बसवलेल्या. संध्याकाळी कंपनी पाण्यात उतरली. नामदेव कमांडरबरोबर होता. पलीकडे पाय टेकतो न टेकतो तोच गोळ्यांचा मारा! कमांडर आणि दोन जवान जखमी, बरोबरचे बाकी ठार. धड उरला एकटा नामदेव.

त्यानं एका जखमीला उचललं. पाण्यातून, सुरुंगांतून, तो उभा बांध चढून आडोशाला नेऊन ठेवलं. परत फिरला, दुसऱ्याला आणलं. दोन्ही खेपांना उखळी तोफा आणि मशीनगना चालूच. मला विचाराल तर खरं शौर्य या दोन खेपांत आहे. मारताना माणसाच्या अंगात वारं शिरतं. पण जोडीदाराला घेऊन चढ चढायला काळीज थंड लागतं. पट्ट्यात हात गेलेल्या गड्याला ज्यांनी उचलून नेलंय, त्यांना हे सांगायला नको.

कोणी म्हणेल, लढाई इंग्रजांची, व्हिक्टोरिया क्रॉसही त्यांच्या राजाचाच. कबूल. पण बांधाखाली पडलेले जोडीदार राजाचे नव्हते, ते त्याच्या पलटणीचे होते.

तिसऱ्यांदा तो एकटाच गेला. पहिलं ठाणं टॉमीगननं गप्प केलं. हात जखमी झाला, बंदूक चालेना. ती फेकली नि हातबॉम्ब घेतले, आणखी दोन ठाणी उडवली. मध्येच बॉम्ब संपले, तर सरपटत माथ्यावर जाऊन गड्यांकडून नवे घेतले. मशीनगना बंद पडल्यावर हा बांधावर उघडा उभा राहिला, आणि मराठ्यांची रणगर्जना देत हातानं खुणावू लागला: या, पुढं या! कंपन्या पार झाल्या.

तेव्हा तो 23 वर्षांचा होता. तो परत आला, 1984 साली वारला. आदल्या वर्षी, 10 जुलै 1944 ला, माणगावकडचा नाईक यशवंत घाडगे इटलीतच असाच एकटा मशीनगनवर धावून गेला होता. तो मात्र परत आला नाही.